रंगभरणाने ताण कमी होतो? आधी विचारा, कशाच्या तुलनेत?

मोठ्या माणसांसाठीची रंगभरणाची पुस्तकं आता कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. जोहाना बॅसफर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीचं 'सीक्रेट गार्डन' २०१३ साली आलं आणि पुढच्या दोन वर्षांत ही लाट जगभर पसरली. अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तीन शब्द हमखास दिसतात: ताणमुक्ती, माइंडफुलनेस आणि थेरपी. खाली बारीक अक्षरात कुठेतरी 'संशोधनाने सिद्ध' असंही असतं.

आज हा दावा तपासायचा आहे. विषय वरवर हलकाफुलका वाटेल, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो फार सोयीचा आहे. यातले प्रयोग साधे आहेत, समजायला मेंदूविज्ञान लागत नाही, आणि प्रयोगाच्या आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथे उघड्यावर दिसतो. तो प्रश्न म्हणजे: कशाच्या तुलनेत?

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. पेट, नेट-सेट, सिनॉप्सिस, गाइडची वाट बघणं या सगळ्यात आपल्यापैकी अनेकजण ताण घालवायला काहीतरी शोधत असतात. तेव्हा हे काम करतं का, आणि किती करतं, हे नीट माहीत असलेलं बरं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

'मन शांत होतं' हे वाक्य बोलायला ठीक आहे, मोजायला नाही. या विषयातल्या बऱ्याच अभ्यासांत मोजली जाते ती त्या क्षणाची चिंता. चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत दोन भाग आहेत. एक भाग विचारतो, 'आत्ता, या क्षणी कसं वाटतंय?' दुसरा विचारतो, 'एरवी साधारणपणे कसं वाटतं?' पहिली तात्कालिक चिंता, दुसरी स्वभावातली चिंता. प्रत्येक भागात २० विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण २० ते ८०.

तात्कालिक चिंता अर्ध्या तासात खालीवर होते, स्वभावातली सहसा होत नाही. त्यामुळे 'रंगवल्यावर चिंता कमी झाली' असं वाचलंत की लगेच विचारा, कुठली? जवळपास नेहमी उत्तर पहिली असंच येईल. ती कमी होणं चांगलंच आहे, पण त्याचा अर्थ माणसाचा चिंतेचा स्वभाव बदलला असा होत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आर्ट थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर, ठरवलेल्या उद्दिष्टाने, नात्यातून होणारं काम. घरी बसून पुस्तक रंगवणं हा छंद आहे. दोन्हीत रंग असतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

२००५ चा प्रयोग

नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक सुटसुटीत प्रयोग केला. आधी सगळ्यांना काही मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या भीतीच्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. यामुळे चिंता मुद्दाम वाढवली गेली. मग रँडम पद्धतीने तीन गट केले. पहिल्या गटाला मंडला रंगवायला दिला, दुसऱ्याला उभ्याआडव्या पट्ट्यांची चौकड्यांची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद आणि रंग. वीस मिनिटं रंगवून झाल्यावर चिंता पुन्हा मोजली.

निकाल असा: मंडला आणि चौकड्या, दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखी उतरली आणि कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा जास्त उतरली.

आता बघा, इथे तीन गट का घेतले? फक्त मंडला गट घेतला असता तरी चिंता उतरलेली दिसलीच असती. लिहून वाढवलेली चिंता वीस मिनिटांत आपोआपही ओसरते. कोऱ्या कागदाचा गट आहे म्हणून 'रंग हातात घेऊन वीस मिनिटं बसणं' या गोष्टीचा वाटा वेगळा काढता आला. चौकड्यांचा गट आहे म्हणून गोलाकार मंडलामध्येच काही विशेष आहे का, हे विचारता आलं. एकेक गट म्हणजे एकेका पर्यायी उत्तराला दिलेली संधी आहे. स्वतःचा आराखडा करताना हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

तरी एक शंका उरतेच. कोरा कागद खरंच तटस्थ आहे का? चित्रकलेचा तास आठवून बघा. 'काहीही काढा' म्हटलं की अर्ध्या वर्गाला घाम फुटायचा. काय काढू, जमेल का, कोणी हसेल का, ही सगळी नवी चिंता. म्हणजे दोन गटांतला फरक नक्षीने चिंता उतरवल्यामुळे आला की कोऱ्या कागदाने ती उतरू दिली नाही म्हणून, हे या आराखड्यातून ठामपणे सांगता येत नाही. फरक दिसणं एक आणि तो कुठल्या बाजूने आला हे कळणं दुसरं.

सात वर्षांनी पुन्हा तोच प्रयोग

रेने व्हॅन डेर व्हेनेट आणि सुझन सेरिस यांनी २०१२ साली हाच प्रयोग ५० जणांवर पुन्हा केला. या वेळी मंडलाने चिंता इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त उतरली. पण चौकड्यांची नक्षी कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरली नाही.

म्हणजे एका अभ्यासात मंडला आणि चौकड्या सारख्याच, दुसऱ्यात मंडला पुढे आणि चौकड्या कोऱ्या कागदाच्या रांगेत. पुस्तकांचे प्रकाशक दोन्ही अभ्यास एका दमात पुराव्यात मांडतात, कारण दोन्हीत मंडला 'जिंकला'. संशोधकाने मात्र इथे थांबायला हवं.

आकडे बघू. ८४ जण तीन गटांत वाटले तर प्रत्येक गटात २८ येतात. ५० जण वाटले तर १६-१७. आता जेकब कोहेन यांच्या पॉवरच्या गणितानुसार, दोन गटांमधला मध्यम आकाराचा फरक ८० टक्के पॉवरने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. मोठ्या आकाराचा फरक असेल तर २६ पुरतात. म्हणजे २००५ च्या अभ्यासाला मोठा फरक दिसू शकत होता. मंडला आणि चौकड्या यांच्यातला फरक असलाच तर बारीक असणार. तो पकडायला २८ जण अपुरे आहेत. त्यामुळे 'दोन्ही सारखेच' हा निष्कर्ष खरं तर 'फरक दिसला नाही' एवढाच आहे.

२०१२ च्या निकालालाही उलट बाजूने हेच लागू होतं. छोट्या नमुन्यात फरक सार्थ ठरायचा असेल तर तो त्या नमुन्यात मोठा दिसावाच लागतो. म्हणून छोट्या अभ्यासातला सार्थ निकाल परिणामाचा आकार बहुधा फुगवून सांगतो. दोन अभ्यास एकमेकांशी भांडत आहेत असं दिसतं, पण कदाचित दोघांकडेही पुरेशी माणसं नव्हती एवढंच.

'याचं कमी झालं, त्याचं नाही' हा सापळा

२०१७ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या जेड फ्लेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. यात विद्यापीठात शिकणाऱ्या ११५ तरुणींना रँडम पद्धतीने दोन गटांत वाटलं. एका गटाने आठवडाभर रोज रंगभरण केलं, दुसऱ्याने लॉजिकची कोडी सोडवली. आठवड्यानंतर रंगभरणाच्या गटात नैराश्याची लक्षणं आणि चिंता सार्थपणे कमी झाली होती, कोड्यांच्या गटात नाही.

हा अभ्यास आधीच्यांपेक्षा दोन बाबतीत पुढे आहे. एक म्हणजे वीस मिनिटांऐवजी आठवडा. दुसरं म्हणजे तुलनेला रिकामा गट न ठेवता काहीतरी करणारा गट ठेवला. दोन्ही गटांनी रोज वेळ काढला, कागद घेऊन बसले, अभ्यासात सहभागी असल्याची जाणीव दोघांनाही होती.

पण 'या गटात सार्थपणे कमी झालं, त्या गटात नाही' हे वाक्य दिसलं की सावध व्हा. अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ साली एका छोट्या लेखात दाखवून दिलं की सार्थ आणि असार्थ यांच्यातला फरक स्वतः सार्थ असतोच असं नाही. समजा एका गटात घट ५ गुणांची आणि पी ०.०४, दुसऱ्यात ४ गुणांची आणि पी ०.०८. पहिली 'सार्थ', दुसरी 'असार्थ'. पण दोन गटांतला फरक केवळ एका गुणाचा! म्हणून पेपर वाचताना सारांशावर थांबू नका. निकालाच्या तक्त्यात जा आणि गट व वेळ यांची आंतरक्रिया शोधा, म्हणजे दोन गटांतल्या बदलांची थेट तुलना. व्हायव्हामध्ये हा प्रश्न नक्की येतो.

मग हे माइंडफुलनेस आहे का?

मुखपृष्ठावरच्या तीन शब्दांतला हा सगळ्यात कमकुवत शब्द. मिखाइल मँत्झिओस आणि किरियाकी यानू यांनी २०१८ साली 'फ्रंटियर्स इन सायकॉलॉजी' मध्ये दोन प्रयोग छापले. पहिल्यात ८८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी मंडला रंगवला, काहींनी मनाला येईल ते चित्र काढलं. सजगतेत फरक पडला नाही आणि चिंतेतही नाही. दुसऱ्यात ७२ विद्यार्थी होते आणि सगळ्यांनी मंडलाच रंगवला, पण एका गटाला रंगवताना आवाजातून सजगतेच्या सूचना दिल्या. त्या गटाची चिंता जास्त उतरली, सजगता मात्र तशीच राहिली. काहींनी नंतर सांगितलं की रंगवताना तो आवाज नकोसा वाटत होता.

तर नुसतं रंगवणं म्हणजे सजगतेचा सराव असं म्हणायला आधार नाही. एखाद्या गोष्टीत गुंगून जाणं आणि आपलं लक्ष कुठे जातंय याचं भान ठेवणं, या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

कॉर्टिसॉलची बातमी

'कलेने कॉर्टिसॉल कमी होतं' ही बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्या मुळाशी गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे. ३९ निरोगी प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकृती केली, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, यात माती, कोलाज, मार्कर असं साहित्य होतं आणि लोक हवं ते करत होते. छापील चित्रात रंग भरण्याचा हा अभ्यासच नाही. दुसरी, तुलनेला गट नव्हता. कॉर्टिसॉल सकाळी चढं असतं आणि दिवसभरात उतरत जातं. पाऊण तास निवांत खुर्चीत बसलेल्या माणसाचं किती उतरलं असतं, हे कळल्याशिवाय ७५ टक्क्यांचं काय करायचं?

कैमल यांच्याच गटाने २०१७ साली थेट तुलनाही केली. २९ जणांनी रंगभरणही केलं आणि आर्ट थेरपिस्टच्या सोबतीने मोकळं कलाकामही केलं. दोन्हींत ताण आणि नकारात्मक भावना उतरल्या. ताण रंगभरणात सुमारे १० टक्के, मोकळ्या कामात १४ टक्के. पण सकारात्मक भावना आणि 'मी काही घडवू शकतो' हा विश्वास वाढला तो मोकळ्या कामात. रंगभरण त्रास कमी करतं, पण उभारी देण्यात कमी पडतं, असा याचा साधा अर्थ.

काम करत असेल तर कसं?

सगळ्यात पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे लक्ष वळण्याचं. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांच्या प्रयोगांत आधी लोकांना उदास केलं गेलं, मग काहींना मनातलं दुःख चित्रात उतरवायला सांगितलं आणि काहींना भलतंच काहीतरी काढायला. मूड जास्त सुधारला तो भलतंच काढणाऱ्यांचा. दुःख कागदावर ओतलं की हलकं वाटतं, ही आपली समजूत निदान अशा थोड्या वेळाच्या प्रयोगात टिकली नाही.

रंगभरणात हेच घडत असावं. रेषा आधीच आहेत, त्यामुळे मोठे निर्णय नाहीत. पण कुठला रंग, कुठे, रेषेबाहेर जाऊ न देता कसा, एवढं लक्ष लागतंच. हाताला पुरेसं काम आणि डोक्याला थोडंसं. त्याच त्या विचारांचं दळण दळायला जागा उरत नाही.

हे स्पष्टीकरण खरं असेल तर मग प्रश्न येतो की रंगच कशाला? विणकाम, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं यांनीही तेच व्हायला हवं. या प्रश्नातूनच पुढचा चांगला अभ्यास निघतो.

तुम्हाला यावर अभ्यास करायचा असेल तर

एमए किंवा एमएस्सीच्या प्रबंधासाठी हा विषय घेणारे बरेच असतात. बहुतेक सिनॉप्सिस एकाच साच्यात असतात: एक वर्ग, पूर्वचाचणी, दहा दिवस रंगभरण, उत्तरचाचणी, टी-टेस्ट. असं करू नका. त्याऐवजी हे करून बघा.

१. तुलना आधी ठरवा, विषय नंतर. आपल्याकडे यासाठी उत्तम साहित्य घरातच आहे. एका गटाला ठिपक्यांची रांगोळी, दुसऱ्याला मुक्तहस्त रांगोळी, तिसऱ्याला तेवढाच वेळ तांदूळ निवडायला द्या. पहिल्या दोघांतल्या तुलनेतून आखीव रचनेचा वाटा कळेल. तिसरा गट सांगेल की कला हवी, की नुसते हात गुंतलेले पुरतात.

२. नमुन्याचा आकार आधी काढा. अपेक्षित फरक मध्यम असेल तर गटाला ६४, हे वर आलंच आहे. एवढी माणसं मिळत नसतील तर गट कमी करा, पण प्रत्येक गट अपुरा ठेवू नका.

३. अपेक्षाही मोजा. रंगवणाऱ्याला आपण रंगवतोय हे लपवता येत नाही. २००५ साली ही पुस्तकांची लाट नव्हती. आजच्या विद्यार्थ्याने 'रंगवल्याने ताण जातो' हे शंभरदा ऐकलेलं असतं. संशोधकाला काय हवंय हे ओळखून सहभागी तसं वागतात, हे मार्टिन ऑर्न यांनी १९६२ सालीच मांडलं होतं. म्हणून सुरुवातीलाच विचारा: 'याने तुम्हाला कितपत बरं वाटेल असं वाटतं?' तिन्ही गटांच्या उत्तरांची तुलना करा.

४. प्रश्नावली जपून भाषांतरित करा. स्पीलबर्गरची प्रश्नावली हक्काधीन आहे, वापरायला परवानगी लागते. शिवाय मराठीचा स्वतःचा पेच आहे. 'काळजी' म्हणजे धास्तीही आणि 'काळजी घे' मधली मायाही. ताण आणि टेन्शन यांचा अर्थ गावोगाव वेगळा. मराठीत केलेलं भाषांतर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या, मूळ विधानाशी जुळवा आणि आधी थोड्या लोकांवर तपासा.

५. एथिक्स कमिटीची परवानगी ही औपचारिकता समजू नका. भीतीचा प्रसंग लिहायला लावणं म्हणजे माणसाला मुद्दाम अस्वस्थ करणं. कोणाच्या वाट्याला काय आलंय आपल्याला माहीत नसतं. मधेच थांबण्याची मुभा, नंतर बोलायला समुपदेशक आणि शेवटी खुलासा, हे आधीच ठरलेलं हवं.

६. विश्लेषण कसं करणार ते माहिती गोळा करण्याआधी लिहून नोंदवा. ओएसएफसारख्या ठिकाणी ही नोंदणी फुकट होते. नंतर 'सहा मापांपैकी दोन कमी झाली' असं सांगावं लागलं, तर कुठलं माप मुख्य होतं हे तरी स्पष्ट राहील.

आणि स्वतःसाठी?

आतापर्यंतच्या पुराव्यावरून एवढं म्हणता येईल: वीसेक मिनिटं रंगवल्याने त्या वेळची चिंता उतरण्याची बरीच शक्यता आहे. मंडलाच हवा असं नाही. महागडं पुस्तक हवं असंही नाही. सजगता वाढते म्हणायला आधार कमी, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्यासाठी आठवडाभराचे अभ्यास पुरत नाहीत.

स्वतःच्या अनुभवावरून ठरवतानाही तोच प्रश्न विचारा. आपण पुस्तक उघडतो ते बहुधा सगळ्यात वाईट दिवशी. वाईटात वाईट दिवसानंतरचा दिवस सहसा थोडा बरा असतोच, रंगवलं तरी आणि न रंगवलं तरी. फ्रान्सिस गाल्टन यांनी उंचीच्या मोजमापांत दाखवलेलं सरासरीकडे झुकणं इथेही असतं. तरीही रंगवायला आवडत असेल तर जरूर रंगवा. छंदाला पी-व्हॅल्यू लागत नाही.

पुरावा कडक लागतो तो एखादी गोष्ट उपचार म्हणून पुढे केली जाते तेव्हा. २०१८ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' मध्ये छापलेल्या पाहणीत २६ देशांतल्या २,२७९ जणांनी भाग घेतला होता. त्यात पीएचडीचे विद्यार्थी बहुसंख्य होते. त्यांपैकी ३९ टक्क्यांचे गुण मध्यम ते तीव्र नैराश्याच्या पट्ट्यात होते. पाहणीत लोक स्वेच्छेने आले होते, म्हणजे त्रास असलेले जास्त आले असण्याची शक्यता आहे. आकडा थोडा कमी धरला तरी प्रश्न खोटा ठरत नाही. अशा मित्राला किंवा मैत्रिणीला 'जरा रंगवत बस, बरं वाटेल' म्हणून परत पाठवलं, तर चुकीच्या तुलनेची किंमत तो माणूस मोजतो. फ्लेट यांच्या अभ्यासातल्या तरुणी उपचार घेणाऱ्या रुग्ण नव्हत्या. तो निकाल नैराश्याच्या रुग्णाला लावता येत नाही.

उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. रंगपेटी सोबत असू द्या, पण उपचाराच्या जागी नको.